ऊस ट्रॉलीचा ब्रेक, हूक आणि खेप: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोळी पडायच्या (कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या) आधी महिनाभर निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, अथणी, खानापूर ह्या सगळ्या पट्ट्यातले ट्रॅक्टरवाले तेच तेच प्रश्न फिरवून विचारतात. हंगाम सुरू झाला की मग तेच प्रश्न रात्री अकराला फोनवर येतात, रस्त्याकडेला भरलेली गाडी लावून. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. ट्रॅक्टर कुठल्या का कंपनीचा असेना, बेसिक सगळीकडं एकच आहे. खरं पेडलचा फ्री प्ले (ब्रेक लागायच्या आधी पेडल मोकळं दबतं तेवढं अंतर), तेलाचा ग्रेड, टायरची हवा हे आकडे तुमच्या गाडीच्या पुस्तकातनंच घ्यायचे, शेजारच्याला विचारून नाही.

ट्रॅक्टरचे ब्रेक परवाच नवीन केलेत, तरी भरलेली ट्रॉली लावली की गाडी थांबत नाही. मिस्त्रीनं काम बिघडवलं का?

बहुतेक वेळा मिस्त्रीचा काही दोष नसतोय. ४५-५० एचपीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण दोन टनाचा, त्याला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि मागं तुम्ही दहा टन ऊस लावलाय. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवते ती टायरची रस्त्यावरची पकड. आणि पकड किती मिळणार तर त्या चाकावर वजन किती आहे तेवढी. चार चाकी ट्रॉली आपलं सगळं वजन आपल्याच चाकांवर पेलते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर तिचा भार जवळजवळ काहीच येत नाही. म्हणजे ओढायला दहा टन आणि थांबवायला दोन टनाची पकड. लायनर (ब्रेकमधला घासणारा थर) कितीही नवीन घाला, चाक जाम होणार आणि ट्रॅक्टर घसरत जाणार, मागनं ट्रॉली ढकलतच राहणार.

त्यात स्पीड. तासाला २० च्या जागी ४० किलोमीटरनं चाललात तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतंय. ड्रायव्हर पोरं म्हणतात कंट्रोल आहे, कंट्रोल आहे. रिकाम्या गाडीवर असतोय ओ कंट्रोल, कारखान्याकडं जाताना कुठला.

माझं सरळ मत आहे, ज्या ट्रॉलीत ऊस भरून डांबरी रस्त्यावर काढायचा तिला स्वतःचा ब्रेक पाहिजेच. ट्रॅक्टरचा ब्रेक ट्रॅक्टरपुरता आहे. टेप, रंगकाम, गोंडे, लायटिंग ह्यावर जो खर्च होतोय तो आधी इथं लावा.

ब्रेक मारला की ट्रॅक्टर एका बाजूला ओढतोय.

पहिल्यांदा दोन पेडलमधली लॅचची पट्टी बघा. रानात वळताना डावा-उजवा ब्रेक वेगळा लागतोय म्हणून ती पट्टी काढतात, मग रोटरचं काम संपवून तसंच गाडी रोडला काढतात. रोडवर पट्टी लावल्याशिवाय गिअर टाकायचाच नाही. एका पेडलवर पाय पडला आणि मागं भरलेली ट्रॉली असली तर ट्रॅक्टर आडवा होतोय आणि ट्रॉली त्याच्यावर चढते. आपल्या भागात ट्रॅक्टर पलटी झाल्याच्या किती बातम्या येतात बघा.

पट्टी लावलेली असून ओढत असेल तर दोन्ही पेडलचा फ्री प्ले सारखा नाही किंवा एका बाजूचा लायनर संपलाय. घरच्या घरी बघायची पद्धत अशी: ट्रॉली सोडा, मोकळ्या मुरमाच्या जागेत सपाटीला हळू चालवा, पट्टी लावून ब्रेक दाबा आणि उतरून मागच्या दोन्ही चाकांच्या खुणा बघा. मुरमात चाक घासल्याची रेघ उठते. दोन्ही रेघा एकदमच सुरू होऊन सारख्या लांबीच्या असतील तर ठीक. एक लांब एक आखूड असली की आखूड बाजूची ॲडजस्टमेंट बघायची.

ब्रेक धरत नाही आणि कर्रकर्र आवाज येतोय. ड्राय ब्रेक आणि ऑईल ब्रेक, दोन्हीत एकच इलाज का?

नाही, दोन्हीचं दुखणं वेगळं. जुन्या ट्रॅक्टरना ड्राय डिस्क असते. सील गळून तेल डिस्कवर आलं की ब्रेक घसरतोय, कितीही टाईट करा. तिथं सील बदलायचं आणि डिस्क पण बदलायची, नुसती पेट्रोलनं धुतलेली डिस्क परत दगा देते. चिखलणी करून किंवा ओढ्यातनं गाडी काढल्यावर पाणी गेलं असेल तर रोडला लागायच्या आधी हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक दाबून वाळवून घ्या.

ऑईल ब्रेकमध्ये डिस्क ट्रान्समिशनच्या तेलातच बुडालेल्या असतात. म्हणून तेलाची लेव्हल कमी असली, ग्रेड चुकला, किंवा स्वस्तात मिळतंय म्हणून कुठलं पण गिअर ऑईल ओतलं की ब्रेक दाबल्यावर गाडी थरथरते, आवाज करते. तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढून नवीनच भरायचं. पेडल लोण्यात पाय घातल्यागत मऊ लागत असेल आणि तुमचा ब्रेक हायड्रॉलिक सिलिंडरवाला असेल तर लाईनमध्ये हवा आहे, ब्लीडिंग करून घ्या.

निपाणीजवळच्या तवंदी घाटात उतरताना कुठला गिअर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतोय आणि ह्याचं उत्तर सगळ्यात सोपं आहे. तोच घाट तेवढाच माल घेऊन चढायचा असता तर जो गिअर टाकला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. आणि गिअर घाट सुरू व्हायच्या आधी, सपाटीवर टाकायचा. अर्ध्यात गेल्यावर गिअर पाडायला क्लच दाबला की इंजिनची पकड सुटली, ट्रॉलीनं वेग घेतला की मग खालचा गिअर पडत नाही आणि वरचाही पडत नाही, गाडी न्यूट्रलमध्येच पळायला लागते. हाय-लो लिव्हरला तर चालत्या गाडीत हात लावायचा नाही.

डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणारे आहेत, त्यांना काय सांगायचं. मालकानं स्वतः एक दिवस ट्रॉलीच्या मागं मोटरसायकलवर जावं आणि बघावं आपला ड्रायव्हर उतारावर काय करतोय. इंजिनचा आवाज खाली उतरला आणि गाडीचा वेग चढला तर समजायचं.

पेडलवर पाय ठेवून सतत घासत उतरू नका. दाबा, वेग पाडा, सोडा, परत दाबा. सतत घासलं की लायनर तापतात आणि तापले की धरत नाहीत. घाटाच्या तळाशी गर्दी असते तिथंच नेमका ब्रेक संपलेला असतोय.

उतारावर ब्रेक मारल्यावर ट्रॅक्टर आडवा व्हायला लागला असं वाटलं तर ब्रेक आणखी जोरात दाबायची बुद्धी होते. तेव्हा उलट करायचं, पाय जरा सोडायचा म्हणजे चाक परत फिरायला लागतंय, स्टेअरिंग सरळ धरायचं, ट्रॅक्टर ट्रॉलीच्या लाईनीत आला की हळू हळू परत दाबायचं.

फोर व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टर उतारावर जास्त धरतोय म्हणतात, खरं काय?

कच्च्या रस्त्यावर, ओल्या उतारावर, होय. बऱ्याच मॉडेलमध्ये फोर व्हील लावला की मागच्या ब्रेकचा जोर शाफ्टमधनं पुढच्या चाकांना पण पोचतोय. खरं कोरड्या डांबरीवर कायम फोर व्हील लावून पळवू नका, पुढचे टायर घासून जातात आणि गिअरवर ताण येतोय.

ट्रॉलीला ब्रेक बसवायचा ठरलं. एअर, हायड्रॉलिक का तो ढकलल्यावर लागणारा?

ढकलल्यावर लागणारा म्हणजे ओव्हररन. ट्रॉली पुढं ढकलायला लागली की हूकाजवळचा दांडा आत सरकतोय आणि ओढणीनं ट्रॉलीचा ब्रेक लागतोय. परदेशात कारच्या मागं कॅरॅव्हॅन जोडतात तिला हेच असतंय. हलक्या ट्रेलरला उत्तम, ऊसाच्या वजनाला माझ्या मते नको. शिवाय रिव्हर्स घेताना पण दांडा आत जातोय आणि ब्रेक लागून बसतोय, त्याला वेगळा लॉक लागतो.

हायड्रॉलिकला ट्रॅक्टरमध्ये ट्रेलर ब्रेकचा वेगळा व्हॉल्व्ह लागतोय, जो पेडलबरोबर चालतो. जॅक उचलायच्या लिव्हरवरच ब्रेकची नळी जोडून देतो असं कुणी म्हणत असेल तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. ड्रायव्हरनं स्टेअरिंग सांभाळायचं, पेडल दाबायचं का लिव्हर शोधायची?

ऊसाच्या डबल ट्रॉलीला (एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या) मी एअरच सांगतो. कारण साधं आहे, ट्रकचेच पार्ट, निपाणी-बेळगावात कुठं पण मिळतात आणि दुरुस्त करणारे हायवेला जागोजाग आहेत. कॉम्प्रेसर, टाकी, पेडलला जोडलेला व्हॉल्व्ह, ट्रॉलीला चेंबर (हवेनं दांडा ढकलणारा डबा), स्लॅक ॲडजस्टर (ब्रेक आवळायचा-सैल करायचा दांडा), कॅम (फिरून लायनर ड्रमला दाबणारा), लायनर, ड्रम. दोन नळीची सिस्टिम घ्या. लाल नळीतनं ट्रॉलीच्या टाकीला कायम हवा जाते, पिवळीतनं ब्रेकचा इशारा जातोय. फायदा असा की इमर्जन्सी व्हॉल्व्ह बसवलेला असला तर ट्रॉली सुटून लाल नळी तुटली तरी ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतोय. एका नळीच्या जुगाडात नळी तुटली की ब्रेकच गेला.

आणि प्रेशरचा मीटर ड्रायव्हरच्या नजरेसमोर लावा, बॉनेटखाली नको.

सकाळी एअर भरायला लई वेळ लागतोय.

गळती. इंजिन चालू करून हवा भरा, बंद करा, मीटरचा काटा बघत बसा. ब्रेक न दाबता काटा उतरतोय तर लाईनीत गळती, दाबून धरल्यावरच उतरतोय तर चेंबरचा डायफ्रॅम नाहीतर त्या पुढची नळी. साबणाचं पाणी प्रत्येक जॉईंटला ब्रशनं लावा, फुगे येतील तिथं कळतंय. कपलिंगचं रबर वॉशर हा कायमचा चोर आहे, ऊसाची पाचट आणि माती त्यात अडकते. ट्रॉली सोडल्यावर नळीचं तोंड उघडं टाकू नका, झाकण लावा.

टाकीखालचा कॉक रोज संध्याकाळी उघडून पाणी काढा. दोन मिनिटाचं काम आहे. थंडीत, आणि आपला हंगाम थंडीतच असतोय, पाणी जास्त साठतंय आणि व्हॉल्व्ह गंजवतंय.

लाल नळी काढली की ट्रॉलीला ब्रेक लागतोय ना, मग उतारावर तशीच उभी केली तर चालेल?

नाही चालत. हे नीट वाचा. स्प्रिंगवाला चेंबर नसेल तर ट्रॉलीचा ब्रेक तिच्या टाकीतल्या हवेवर लागून राहिलाय. रात्रभरात ती हवा हळूहळू गळते आणि पहाटे ब्रेक सुटतोय. संध्याकाळी दणकट उभी असलेली ट्रॉली सकाळी कुणी हात न लावता घरंगळते ती अशी. स्प्रिंग चेंबरमध्ये उलटं असतंय, हवा गेली की स्प्रिंग ब्रेक लावतो. तुमच्याकडं कुठला आहे ते मिस्त्रीला विचारा, आणि कुठला पण असला तरी चाकाला गुटका लावाच. एका चाकाला नाही, दोन्ही बाजूला.

गुटका म्हणजे दगड चालतोय की.

दगड अजिबात नको. धोंडा लावायचा, गाडी निघाली की धोंडा रस्त्यातच टाकून जायचं, आणि मागनं अंधारात मोटरसायकलवरनं कुणी तरी घरी निघालेलं असतंय. बाभळीचा तिरका कापलेला लाकडी गुटका करा, त्याला कडी ठोका, कडीला हातभर दोरी आणि दोरी ट्रॉलीच्या चॅसीला बांधा. गाडी निघाली आणि ड्रायव्हर विसरला तरी गुटका फरफटत बरोबर येतोय, रस्त्यात राहत नाही. दोन गुटक्यांना सुताराकडं फार तर चहा-पाण्याचे पैसे लागतात.

ड्रम तापतोय, वास येतोय. पाणी मारू का?

पाणी मारू नका, तापलेल्या बिडाला तडा जातोय. बाजूला घेऊन आपोआप गार होऊ दे. नंतर ते चाक जॅकवर उचलून हातानं फिरवा. फिरत नसेल तर कॅम गंजून परत येत नाही, किंवा आतली ओढायची स्प्रिंग तुटलीय, किंवा कुणीतरी स्लॅक जास्त आवळलाय. मोकळं फिरतंय आणि तरी हबचं मधलं टोपण तापतंय तर ब्रेक नव्हे, बेअरिंग.

बेअरिंग आवळायची रीत: चाक फिरवत फिरवत नट आवळा, फिरायला जड लागलं की थोडा मागं सोडा, पिनचं भोक जुळेल तिथं थांबा, नवीन कॉटर पिन घाला. जुनी सरळ करून घालायची नाही. नवीन चाक बसवलं असेल तर पहिल्या भरलेल्या खेपेनंतर चाकाचे नट परत आवळा. कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत तास-दोन तास मोकळेच असता की.

डबल ट्रॉलीत ब्रेक एकाच ट्रॉलीला बसवायचं बजेट आहे. पुढच्या का मागच्या?

दोन्हीला पैसे होईपर्यंत एकच ट्रॉली न्या, हे माझं उत्तर आहे आणि ह्यात मी माघार घेणार नाही. फक्त पुढच्या ट्रॉलीला ब्रेक असेल तर मागची तिला ढकलून वाकडी करते, फक्त मागच्या ट्रॉलीला असेल तर पुढची ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलतेच. दोन्हीला ब्रेक असताना सुद्धा मागच्या ट्रॉलीला हवा उशिरा पोचायला नको, पुढची आधी थांबली आणि मागची अजून पळतेय असं व्हायला नको. कुणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही मागच्या ट्रॉलीजवळ उभं राहून चेंबरचा दांडा बघा, दोन्ही ट्रॉल्यांचे दांडे जवळजवळ एकदम बाहेर आले पाहिजेत. मागचा रेंगाळत असेल तर रिले व्हॉल्व्ह (मागं हवा लवकर पोचवणारा) लागेल.

चढाला ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलतंय.

हूक कुठं लावलाय ते बघा. ओढ खालच्या ड्रॉबारवरच पाहिजे. टॉप लिंकच्या जागी किंवा उंच कुठंतरी साखळी-हूक लावून ओढलं की ट्रॅक्टर मागं उलटतोय, आणि तो उलटायला दोन-तीन सेकंद पण लागत नाहीत, उडी मारायला वेळ मिळत नाही. पुढं वजनाच्या प्लेटा लावा. दोन चाकी ट्रॉली असेल तर भरण्याकडं पण लक्ष द्या, सगळा ऊस पुढं दाबला की हूकावर भार येऊन तोंड उचलतंय. उलट सगळा मागं भरला तर हूक वर उचलला जातोय, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात आणि ब्रेकची पकड जाते. ऊसतोड टोळीवाले जिकडनं सोपं तिकडनं मोळ्या टाकतात, मुकादमाला एकदा समजावून सांगा.

हूकाची पिन किती झिजली की बदलायची?

पिन काढा आणि मधल्या भागावर बोटाचं नख फिरवा. पायरी लागली तर बदला. पिन म्हणून सळी, बोल्ट, पहारीचा तुकडा हे काही घालायचं नाही. खाली लॉकची क्लिप पाहिजे, खड्ड्यात आपटून पिन वर उडते. आणि सेफ्टी चेन. हूकाच्या खालनं, रस्त्याला घासणार नाही एवढी आणि वळताना ताणणार नाही एवढी. पिन गेली तर ट्रॉली निदान ट्रॅक्टरमागं राहते, समोरच्याच्या अंगावर जात नाही.

मागं रेडियम लावलाय, तरी पोलीस अडवतात.

तुमचा रेडियम दिसतोय का आधी बघा. ऊस भरला की वाढं (शेंड्याकडचा हिरवा पाला) मागं लोंबतंय आणि टेल लॅम्प, रेडियम, नंबर प्लेट सगळं झाकून टाकतंय. भरून झाल्यावर मागं दहा पावलं जा, मोबाईलची बॅटरी डोळ्याजवळ धरून मारा, काय चमकतंय बघा. लोंबणारं वाढं विळ्यानं छाटा. मागं लाल, बाजूला पिवळी, पुढं पांढरी टेप. डबल ट्रॉलीची लांबी समोरच्याला कळत नाही, ट्रॅक्टर गेला म्हणून तो वळतो आणि मागच्या ट्रॉलीवर येतो, म्हणून बाजूची पिवळी टेप पूर्ण लांबीला पाहिजे. वायरिंग उंदरानं खाल्लं असेल तर दुरुस्तीपर्यंत रात्रीची खेप नको. बंद पडली तर डांबरी सोडून साईडपट्टीला घ्या, त्रिकोण लांब मागं ठेवा.

गाण्याच्या टेपचा आणि ब्रेकचा काय संबंध?

एवढ्या आवाजात मागनं येणाऱ्याचा हॉर्न ऐकू येत नाही, हवा गळतेय ती फुसफुस ऐकू येत नाही, बेअरिंग ओरडतंय ते ऐकू येत नाही. गावात लग्नाला वाजवा की.

शेडमध्ये ट्रॅक्टर मावत नाही. रिकामी ट्रॉली हातानं ढकलायची का?

सपाट जागा असेल, ट्रॉली दोन चाकी असेल आणि पुढं जॉकी व्हील (दांड्याखालचं टेकूचं छोटं चाक) असेल तर चार माणसं ढकलू शकतात. पाचवा माणूस फक्त गुटका घेऊन चाकाजवळ, त्याला दुसरं काम द्यायचं नाही. दांड्याच्या समोर कुणी उभं राहायचं नाही. जरा जरी उतार असला तर हातानं नको, ट्रॅक्टरच्या पुढं हूक बसवून समोरनं ढकलत न्या, ड्रायव्हरला सगळं दिसतंय.

आमची गाडी कर्नाटक पासिंगची, ऊस कोल्हापूर जिल्ह्यातल्या कारखान्याला जातोय. कागद काय लागतात?

केए २२ असू दे, केए २३ असू दे नाहीतर एमएच ०९, मोटार वाहन कायदा १९८८ दोन्हीकडं एकच. ट्रॉलीचं रजिस्ट्रेशन ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतंय, आणि थर्ड पार्टी विम्यात ट्रॉली धरली आहे का ते पॉलिसी उघडून बघा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणून ट्रॉलीचा झाला असं नाही, अपघातानंतर हेच अंगावर येतंय. ओव्हरलोडला २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० असा दंड आहे. काट्याची पावती तुमच्याच खिशात असते, त्यावर वजन छापलेलं असतंय.

हंगाम संपला. ट्रॉली तशीच लावून ठेवू?

धुवून ठेवा. ऊसाचा रस आणि माती ड्रमजवळ राहिली की पावसाळ्यात कॅम गंजून जाम होतात. टाकीतलं पाणी काढा, कॅमच्या निपलला ग्रीस मारा, खरं लायनरवर ग्रीस उडू देऊ नका. टायरवरचा भार कमी करायला आसाखाली लाकडी ओंडके द्या. हँडब्रेक ओढून चार महिने ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. आणि जे पार्ट लागणार आहेत त्याची यादी आत्ताच मिस्त्रीकडं द्या, मोळीच्या आठवड्यात गेलात तर त्याच्या दारात आधीच रांग असणार.